पाऱ्याच्या सांडपाण्याचा 'स्वस्त आणि मस्त' उपाय

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पाऱ्याच्या सांडपाण्याला यंत्रणा कशाला? पारा जड, रात्रभर ठेवा, तळाशी बसेल, वरचं पाणी सोडा. फार तर तुरटी-चुना घाला. तरी उरलाच तर सोडियम सल्फाइड, 'जितकं जास्त तितकं चांगलं'. बाकीचं खाडीची भरती वाहून नेईल. ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर) नुकत्याच लागलेल्या माझ्या भाच्यालाही ते पटलं, म्हणून हा खटाटोप.

तळाशी थेंब बसतात, विरघळलेला पारा कसा बसेल? नुसता धातूचा पाराच २५ अंशांना लिटरमागे सुमारे ०.०६ मिलिग्रॅम विरघळतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे सोडायच्या पाण्यात मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे वरचं नितळ पाणीही सहापट. पारा क्लोराइडच्या रूपात असेल तर विचारूच नका.

तुरटी-चुन्याने गढूळपणा जातो, एवढंच. चुन्याने बनणारा पाऱ्याचा ऑक्साइडच लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो.

सल्फाइडचं मात्र कबूल करावं लागेल, पद्धत खरीच आहे: विरघळलेला पारा त्याच्याशी जुळून न विरघळणारा काळा साका होतो. पण 'जितकं जास्त' हे जिवावर बेतणारं आहे. आधी सोडियम बायसल्फाइटने मोकळा क्लोरीन मारायचा, नाहीतर तोच सल्फाइड खातो. पीएच ७ ते ९ धरायचा. आम्ल पाण्यात सल्फाइड ओतलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि टाकीवर वाकलेला माणूस जागीच कोसळतो. उलट पीएच नीट असूनही डोस जास्त झाला, तर बसलेला काळा साका पुन्हा विरघळतो. म्हणून आधी जार टेस्ट (थोड्या पाण्यावर डोस तपासून बघणं), मग थोडं थोडं. या साक्याचे कण इतके बारीक की सँड फिल्टरमधूनही निसटतात. फेरिक क्लोराइड घालून सावकाश ढवळायचं, गाठी धरू द्यायच्या, मग फिल्टर प्रेस आणि शेवटी गंधक बसवलेल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा कॉलम. उरलेला गाळ (स्लज) बंद ड्रममधून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रावर.

भरतीचं काय? खाडीच्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल मर्क्युरी करतात, तो माशांत साठतो आणि मासे आपण खातो. असेच मासे खाऊन झालेली जपानमधली मिनामाताची विषबाधा १९५६ सालीच उघडकीला आली होती.

आणि तपासणीसाठी पाण्याचा नमुना नायट्रिक आम्ल घालून काचेच्या बाटलीतच घ्या. साध्या प्लास्टिकला पारा चिकटून बसतो आणि रिपोर्ट खोटाच छान येतो.