तो फोटो आंबापाणीच्या लढाईचा नाही

धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: धावत बाण सोडणारे भिल्ल तरुण, खाली मजकूर ‘१८५८, आंबापाणीची लढाई, खाज्या नाईकांचे सैनिक’. लढाई खरी आहे. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात भिल्ल इंग्रजांशी लढले. फोटो मात्र त्या दिवसाचा असूच शकत नाही.

तेव्हा ओल्या कोलोडियनचं तंत्र होतं. काचेवर द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं आणि ती ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. म्हणजे अंधारा तंबू जवळच हवा. त्यात कॅमेऱ्याच्या भिंगाची उघडझाप काही सेकंदांची. धावणारा माणूस त्या काचेवर धुरासारखा पुसट उमटला असता. इथे तर सुटलेला बाणही स्पष्ट दिसतो! असली चपळाई जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्यावर, १८८० च्या सुमारास शक्य झाली.

शिवाय याच फोटोची मागची बाजूही कुणीतरी टाकली आहे. ते पोस्टकार्ड आहे, मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अशी विभागलेली पाठ ब्रिटनमध्येसुद्धा १९०२ नंतरची. तेव्हा हे कार्ड विसाव्या शतकातलं, आणि दृश्य बहुधा कॅमेऱ्यासमोर मुद्दाम उभं केलेलं.

‘लढाईचा एकमेव फोटो’ म्हणून त्याला भाव सांगितला जातोय. जुनं पोस्टकार्ड म्हणून घ्यायचं तर खुशाल घ्या, पण आधी मूळ कार्ड हातात मागा. छापील असेल तर भिंगाखाली बहुधा बारीक ठिपके दिसतील.