पीएल +५ म्हणजे पाच वर्षं नव्हे

'पीएल +५ वाल्या विदेशी वळूच्या कालवडी पाच वर्षं जास्त जगतात' असा मेसेज गोठेवाल्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे. पीएल म्हणजे 'प्रॉडक्टिव्ह लाइफ', उत्पादक आयुष्य. अमेरिकेत १९९४ पासून काढला जाणारा हा आकडा महिन्यांत असतो. शिवाय तो वयाचा नाही. पहिल्या वेतानंतर गाय कळपात किती टिकते, त्याचा आहे. तोही तिथल्या त्याच जातीच्या गाईंच्या तुलनेत, वळूच्या सगळ्या मुलींची सरासरी धरून. या गुणात आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम ८ टक्के, बाकी बहुतेक सांभाळावर. गाय सारखी उलटली म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही, कासदाह झाला, ओल्या शेणात उभी राहून खुरं सडली की ती विकावीच लागते. म्हणून वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, म्हणजे स्ट्रॉ, घेताना मुलींच्या गाभण राहण्याचा आणि दुधातल्या पेशींचा (त्या वाढल्या तर कासदाहाची खूण) आकडाही जरूर विचारा.