मुरूम म्हणजे गाळ नव्हे, भाऊ

भाऊ, मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की विदर्भात समुद्र नाही, मग बांधकामाची माती मुंबईच्या खाडीत गेल्याचं दुःख इथे कशाला? आणि तळ्यात माती आली तर बिघडलं काय, सरकारच तर गाळ शेतात न्यायला पैसे देतं.

पहिल्याचं थोडक्यात सांगते. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या झाडांची, मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर माती साचली की झाड गुदमरतं. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे तिवर नाही, पण उघडी माती, उतार आणि पहिला पाऊस आहेच. उताराच्या खाली मामा तलाव, म्हणजे सिंचनाचा जुना माजी मालगुजारी तलाव आहे.

दुसरं मात्र मला लागलं, कारण मी स्वतः तलावातला गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात टाकते. २०१७ ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चांगलीच आहे. पण तो गाळ म्हणजे जंगलातला कुजलेला पाला आणि शेतांची वरची माती. रस्त्याच्या भरावाचा मुरूम जमिनीच्या पोटातून काढलेला असतो, त्यात कस नसतो. धानाच्या बांधीत एक ट्रॉली टाकून बघा.

आमच्या गावाजवळ रस्ता रुंद होतोय. भरावाच्या कडा मे महिन्यात उघड्या राहिल्या त्या राहिल्याच. जूनच्या शेवटी रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी मी एक बाटली भरली आणि खिडकीत ठेवली. रेती लगेच तळाला गेली. चौथ्या दिवशीही वरचं पाणी दुधाच्या चहासारखंच. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजारांश दोन भागांचा) कण अगदी स्थिर पाण्यातसुद्धा मीटरभर खाली बसायला तीनेक दिवस घेतो. तलावात तर वारा आहे, म्हशी आहेत, रोजचा पाऊस आहे. मग ऊन तळापर्यंत पोचत नाही, पाण्यातलं गवत मरतं, माशांची अंडी झाकली जातात. मरळ मासळी वर येऊन हवा घेते म्हणून तगते. रोहूच्या बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, कल्ल्यांत माती बसते, तिला ती सोय नाही. आमचे मासेमारी करणारे ढिवर काका म्हणाले, “यंदा पाणी बसूनच नाही राह्यलं.” त्यांच्या शिंगाड्याच्या पानावर मी बोट फिरवलं, बोट लाल झालं.

आणि कायद्याचं ऐका. खाडीतल्या तिवरांच्या पाठीशी निदान मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र खास सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळलेली आहेत. तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांनी धानाला पाणी मिळावं म्हणून पाळी, म्हणजे मातीचे बांध घातले, नेमकं तेच आता तलावाच्या आड येतं. तिथे कमळं फुलोत की सारस उतरोत, फरक पडत नाही.

रस्ता मलाही हवा आहे. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना काय होतं ते मी पाहिलंय. मातीकाम पावसाआधी संपवा, उरलेल्या उतारावर तणीस (धानाचा पेंढा) अंथरून दोरीने बांधा, मोरीच्या अलीकडे पाणी थांबेल असा खड्डा घ्या, एवढंच म्हणते. पण नुसता खड्डा पुरत नाही, त्यात रेती अडते, चिकण नाही. म्हणून आधी माती झाकायची. तणीस आमच्याकडे हवी तेवढी आहे.

तुम्ही रस्त्याच्याच कामात आहात असं लिहिलंय. पुढच्या मे महिन्यात तुमच्या साइटवर एक उतार झाकून बघा आणि मला कळवा. पहिल्या पावसानंतर मी बाटली घेऊन येते.