तीस अंशांची थट्टा

दर उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद रंगतो आणि त्याला तोंड बहुधा ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहणारे माझे आतेभाऊच फोडतात. यंदा दादांनी युरोपातल्या उष्णतेच्या लाटेची बातमी टाकली आणि खाली लिहिले, "पस्तीस अंशांत यांचे दवाखाने भरतात. आमच्याकडे चव्वेचाळीसला वरात निघते आणि घोडीसुद्धा नाचते." इंदूरहून रामबागेतले काका आणि सुदामानगरची मावशी यांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मी कॅनडात, व्हँकूवरला लागून असलेल्या बर्नबीत बसून बराच वेळ उत्तर लिहीत राहिलो, पण वडीलधाऱ्यांच्या ग्रुपवर एवढे लांबलचक बोलणे शोभले नसते, म्हणून ते येथे लिहितो आहे.

आकड्यांचीच भाषा हवी असेल तर तीही बोलता येईल. 2021 च्या जूनअखेरीस आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतावर उष्ण हवा कोंडून बसली, तेव्हा आमच्या घरापासून मोटारीने सुमारे तीन तासांवर असलेल्या लिटन या गावात पारा 49.6 अंशांवर गेला. ग्वाल्हेरचा 1947 सालचा 48.3 अंशांचा उच्चांक दादा कुलदैवताच्या आख्यायिकेसारखा सांगतात. तो कॅनडातल्या एका खेड्याने, आणि तेही पन्नासाव्या अक्षांशावरून, मागे टाकला. दुसऱ्या दिवशी वणव्यात त्या गावाचा बहुतेक भाग जळून गेला. त्या आठवड्यात प्रांतात उष्णतेने 619 माणसे दगावली. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी खात्याच्या अहवालानुसार त्यांतले 98 टक्के मृत्यू छपराखाली झाले होते आणि बरीचशी माणसे सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी होती. आमच्या इमारतीतही खालच्या मजल्यावरच्या एका आजींचे दार शेवटी पोलिसांना उघडावे लागले. त्या वरातीत नाचायला निघालेल्या नव्हत्या. आपल्या खुर्चीत बसून होत्या.

इथली घरे ऊब कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली असतात. लाकडी सांगाडा, भिंतींत भरलेले जाड अस्तर, चार बोटे उघडणाऱ्या खिडक्या आणि पश्चिमेला, डोंगर दिसावा म्हणून, भिंतभर काच. इंदूर कर्कवृत्ताच्या जवळच आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे गच्ची तापते हे खरे, पण हातभर छज्जासुद्धा खिडकी सावलीत ठेवतो. आमच्याकडे सूर्य तिरपा राहतो आणि रात्री सव्वानऊपर्यंत पश्चिमेच्या काचेसमोरून हलत नाही. त्या दिवसांत आईने फोनवरून सांगितले म्हणून मी खिडकीवर ओली चादर टांगली. चादर अर्ध्या तासात कडक वाळली आणि खोली होती तशीच राहिली, कारण वारा आत यायला वाटच नव्हती. माळव्यात मे महिन्याची हवा कोरडी असते, खिडकीबाहेर लावलेला कूलर ती गवताच्या ओल्या जाळ्यांतून ओढतो आणि दुसरीकडचे दार उघडे असते, म्हणून ही युक्ती तिथे चालते. जुलैत पाऊस लागल्यावर तोच कूलर घर चिकट करून सोडतो, हे दादांनाही ठाऊक आहे.

शरीरालाही उन्हाची सवय व्हावी लागते. घाम लवकर सुटू लागणे, त्यातून मीठ कमी जाणे, रक्तातले पाणी वाढणे, हे बदल व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ग्वाल्हेरच्या माणसाला त्यासाठी अख्खा मार्च आणि एप्रिल मिळतो. इथे मात्र कालपर्यंत स्वेटर घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर तो उन्हाळा एकदम कोसळला.

अंश सर्वत्र सारखे मोजू नयेत, हे आपल्या हवामान खात्यालाही मान्य आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना ते मैदानी भागासाठी 40, किनारपट्टीसाठी 37 आणि डोंगराळ भागासाठी 30 अंशांची किमान पातळी धरते. सिमल्याच्या तीस अंशांना दादा कधी हसलेले नाहीत. शिवाय इंदूरकर म्हणून सांगायला हरकत नाही की, आमचे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि ग्वाल्हेर दोनशेच्या आसपास आहे. शब-ए-मालवा म्हणून ज्या रात्रीचे गोडवे गायले गेले ती आमच्या वाट्याला आली आणि लू त्यांच्या. भूगोलाने केलेल्या शिक्षेला पराक्रम म्हणायची रीत मला ग्वाल्हेरवाल्यांखेरीज कुठे आढळली नाही.

आणि आपल्याकडे माणसे उन्हाने मरत नाहीत, हे तरी कोणी ठरवले? 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला. नंतर मृत्यूंच्या नोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात तेराशेहून अधिक मृत्यू जास्तीचे निघाले. त्यावरूनच 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. ताडून पाहिले म्हणून तेवढे तरी कळले. एरवी दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि ग्वाल्हेरच्या दालबाजारात पोती वाहणाऱ्या हमालाच्या बाबतीत कदाचित तेवढेही लिहिले जात नाही. वरातीत डोक्यावर दिव्यांची झाडे घेऊन चालणाऱ्या बायकांना ऊन सोसते की नाही, हे त्यांना विचारल्याचे मला आठवत नाही.

थंडीचे म्हणाल तर पारडे लगेच फिरते. जानेवारीत ग्वाल्हेरला पारा पाच अंशांवर आला की कलेक्टरसाहेब शाळांच्या वेळा बदलतात, कधी सुट्टीही देतात. कॅनडातल्याच विनिपेग शहराची मुले उणे वीस अंशांत मधल्या सुट्टीत मैदानावर असतात आणि वितभर बर्फाने बर्नबी माउंटनची बस अडली की विनिपेगची मोठी माणसे आम्हालाही हसतात. पण कलेक्टरसाहेबांचे काही चुकत नाही. ज्या घरात हीटर नाही आणि पायाखाली कोटा फरशी आहे, तिथे बाहेरचे पाच अंश आतही पाचाच्या आसपासच राहतात. इंदूरच्या घरी डिसेंबरात मी अंगात जाकीट आणि पायांत दोन मोजे घालून जेवतो. बर्नबीत बाहेर बर्फ असतानाही टी-शर्टवर वावरतो.

डिसेंबरात, कारण आई मला दुसऱ्या कोणत्याही महिन्यात येऊ देत नाही. "मेमध्ये येऊ नकोस, तुला आता सोसायचे नाही," असे ती पाहुण्याला सांगावे इतक्या मायेने सांगते, आणि दादा ज्यांची थट्टा करतात त्या नाजूक लोकांत घरच्यांनी मला केव्हाच बसवले आहे, हे दर वेळी मला नव्याने झोंबते. इकडे ऑफिसात पारा तीसवर गेला की सगळे माझ्याकडे पाहून म्हणतात, तुला काय, तू भारतातला. मग पाठ घामाने भिजलेली असली तरी मी पंखा मागत नाही. ग्वाल्हेरसमोर कॅनडाची वकिली करायची आणि कॅनडासमोर ग्वाल्हेरकर असल्यासारखे वागायचे, हा उद्योग माझ्या मागे कोणी लावलेला नाही, पण तो सोडवतही नाही.

पुढच्या मे महिन्यात दादांच्या नातवाची मुंज आहे. आईला न विचारता मी ग्रुपवर लिहून टाकले की, मुंजीला येईन आणि पूर्वीसारखा गच्चीवर झोपेन. दादांनी लगेच लिहिले, "ये की. तुझ्यासाठी बाहेरच्या खोलीत एसी बसवतो." त्यांच्या स्वतःच्या खोलीत तो गेली कित्येक वर्षे आहे आणि गच्चीवर आता पाण्याच्या टाक्यांखेरीज कोणी राहत नाही, हे वहिनींनी मला वेगळ्या निरोपात कळवले.