विषय हार्डकोर हाय

हार्डकोर गेमर व्हायचं ठरवलंय ना? मग पहिलं काम म्हणजे घरातला एक कॅज्युअल गेमर, म्हणजे नुसता वेळ घालवायला खेळणारा, हेरून ठेवा. तो नसेल तर तुम्ही हार्डकोर ठरणार कुणापुढं? तालमीत वस्ताद लागतो, तसा या धंद्यात नूब, म्हणजे कच्चा भिडू, लागतो. लांब शोधायला नको. दुपारची भांडी आवरून सोप्यात बसलेली, चष्मा कपाळावर सरकवून कँडी क्रश खेळणारी काकू आहेच. तिच्या मागून जाताना एक उसासा टाकायचा. ती विचारेल, "काय झालं रं?" तुम्ही म्हणायचं, "काही नाही." दीक्षा पूर्ण झाली.

पूर्वी ही सोय नव्हती. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हा गेम काढला, आणि आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नाही, त्यातल्या एका पात्रावरून तो 'मुस्तफा'च. रुपया संपला की बाजूला व्हायचं, एवढाच काय तो भेदभाव. १९९७ च्या नोकिया ६११० मध्ये सापाचा गेम आला. तो स्वतःच्या शेपटीला धडकला की कलेक्टर आणि कंडक्टर दोघंही सारखेच मरायचे. मग २००६ मध्ये निन्टेन्डोचं वी हे टीव्हीला जोडायचं कन्सोल आलं, हातातलं रिमोट हलवून आज्या-आजोबा बोलिंग खेळायला लागले आणि ते यंत्र दहा कोटींच्या वर खपलं. आजी खेळते म्हटल्यावर नातवाची पंचाईत झाली. 'कॅज्युअल' हा शब्द शिवीसारखा वापरायची हौस त्या काळात जोरात फोफावली. त्या हौसेचे तुम्ही वारस आहात. नाव राखा.

आता साहित्य. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घ्या. ६० हर्ट्झवर पडद्यावरचं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. डोळ्यानं बघून बोट हलायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, हे खरेदीच्या दिवशी आठवायचं नसतं. मॉनिटर घरी आला की एचडीएमआयची केबल सीपीयूच्या मागं जे पहिलं पोर्ट दिसेल त्यात खुपसा. ते बहुधा मदरबोर्डचं असतं. ग्राफिक्स कार्डाची पोर्टं खाली आडवी असतात, तिकडं वाकून बघायचे कष्ट नकोत. चाळीस हजारांचं कार्ड आत थंडगार झोपेल आणि प्रोसेसरमधलं जोडीला आलेलं ग्राफिक्स घाम गाळेल. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात तेवढंही नसतं, पडदा काळाच राहतो. अशा वेळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानदाराला फोन लावून आवाज चढवा. केबल कुठं लावली असं तो विचारेल. फोन ठेवा.

केबल चुकून बरोबर लागलीच, तरी घाबरायचं कारण नाही. विंडोज बहुतेक वेळा ६० वरच बसून राहतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत गेलं की रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, बदलता येतो. तिथं जाऊ नका. जुन्या एचडीएमआय पोर्टावर तर १४४ चा पर्याय दिसतच नाही, त्याला डिस्प्लेपोर्टची केबल लागते. ती खोक्यात थर्माकोलच्या खाली गुंडाळून ठेवलेली असते, म्हणून खोकं न तपासता माळ्यावर टाका. १४४ चे पैसे मोजून, ६० वर खेळून, मित्रांना "बघ की, कसलं स्मूद हाय!" म्हणत माणूस सहा महिने सुखात काढतो. मित्रही मान डोलावतात. त्यांचाही ६० वरच असतो.

रॅमच्या दोन कांड्या शेजारीशेजारी बसवा, दिसायला जोडी छान दिसते. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या तर दोन्ही वाटांनी माहिती पळते, पण मग मधली एक खाच ओसाड दिसते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी हा रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय चालू करू नका. ३२०० ची रॅम २१३३ वर रांगली तर कुणाचं काय जातंय? यूपीएस ६०० व्हीएचा घ्या. तो साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो आणि तुमचं यंत्र ऐन गोळीबारात ४०० च्या वर ओढतं. लाइट गेली की यूपीएस एक लांब शिट्टी मारेल आणि दोघं बरोबरच डोळे मिटतील.

माऊसच्या खोक्यावर १६,००० डीपीआय (माऊस इंचभर सरकला की मोजली जाणारी पावलं) लिहिलंय ना, मग १६,००० च लावा. पैसे भरलेत. मुरलेले खेळाडू ४०० नाहीतर ८०० वर का खेळतात, हा प्रश्न विचारू नका, कारण उत्तरात गणित आहे. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सी, म्हणजे गेममधली सेन्सिटिव्हिटी, ठेवली तर मागं वळायला माऊस जवळपास २३ सेंटिमीटर सरकवावा लागतो. एवढ्या लांबीत निशाण्याला बारीक फरक करता येतो, पण टेबलावर चहाचा कप ठेवता येत नाही. तीच सेन्सी आणि १६,००० डीपीआय असेल तर तेच वळण १.२ सेंटिमीटरमध्ये उरकतं. शिंक आली तरी पाठ फिरते. आपल्याकडं 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' म्हणतात. इथं पलटी तुमचीच होते, एवढाच बारीक फरक.

सगळ्यात महत्त्वाचं पिंग, म्हणजे तुमचा इशारा गेमच्या सर्व्हरवर जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पिंगचे आकडे तसेच पाठ करा आणि दिवसातून दहादा मोठ्यानं वाचा, मात्र पाणी कुठून चढतंय ते बघायला जाऊ नका. गेलात तर कळेल की राऊटर देवघराच्या पलीकडं आहे, मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट आहे, आणि तुम्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहात, ज्यावर अख्खी गल्ली आहे. वर चुलतभावाच्या लग्नाचे आठशे फोटो वडिलांच्या फोनमधून बॅकअपला चढताहेत. अपलोडची वाट अरुंद असते. मिसळीच्या काउंटरवर पुढचा माणूस पन्नास पार्सलं बांधून घेत उभा असला की तुमची एक प्लेट जशी अडकते, तशी तुमची गोळी राऊटरच्या रांगेत अडकते. एरवी तीसवर असलेलं पिंग अशा वेळी तीनशेवर जातं आणि फोटो चढून संपले की आपोआप उतरतं. घरच्यांना वाटतं, ह्यो उगाच बोंबलतोय.

उपाय सोपा आहे, म्हणूनच करू नका. पंधरा मीटरची लॅन केबल भिंतीच्या कडेनं ओढली आणि राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे आधी कुणाला सोडायचं याचा नियम, लावून अपलोडला वेसण घातली, की निम्म्याहून जास्त दुखणं थांबतं. पण मग हरल्यावर काय सांगणार? "लॅग होता भावा" हे वाक्य गेलं तर हार्डकोर माणसाकडं उरतं काय?

मोबाइलवर खेळणाऱ्यांचं काय, हा नाजूक विषय आहे. पीसीवाला त्यांना कॅज्युअल म्हणतो, कन्सोलवाला दोघांकडं बघत नाही, आणि मोबाइलवाल्यांत चार बोटांनी खेळणारा दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याला कॅज्युअल म्हणतो. पंगतीला पाट मांडल्यासारखी ही उतरंड आहे. आपल्या खाली एक पाट मोकळा आहे ना, एवढं बघून बसायचं. चार बोटांचा क्लॉ म्हणजे डाव्या तर्जनीनं फायर, उजव्या तर्जनीनं स्कोप, अंगठे चालायला आणि निशाण्याला मोकळे. शिवाय जायरो, म्हणजे बंदूक वर उसळली की फोनच पुढं झुकवायचा. हे बोटांत बसायला काही आठवडे लागतात. त्याऐवजी दुसऱ्याचा सेन्सिटिव्हिटी कोड कॉपी करा. त्याचा फोन वेगळा, पडद्याचा आकार वेगळा, बोटं वेगळी; तरी कोड टाकल्यावर पहिला तासभर हात बसल्यासारखा वाटतो. फोन चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून खेळा. बॅटरी तापली की फोन स्वतःच वेग उतरवतो आणि सेकंदाला ९० फ्रेमचे ४० होतात. तेव्हा कंपनीला शिव्या घाला, कव्हर काढू नका.

सणवार पाळा. २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजीवर बंदी आली, ती पुण्यतिथी. जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. या तारखा तोंडपाठ नसलेला माणूस कॅज्युअल, मग त्याचा केडी, म्हणजे एका मरणामागं किती मारले तो हिशेब, काहीही असो.

रँकबद्दल एक गोष्ट कानात सांगतो. बीजीएमआयमध्ये कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे वरचे ५००. तिथं चढताना किती मारले यापेक्षा किती टिकलात याला फार वजन असतं. त्यामुळं शंभर जणांच्या त्या महायुद्धात रँक पुश करणारा वीर बराच वेळ गवतात पालथा पडून असतो. आकसत येणारं निळं वर्तुळ अंगावर आलं की चार पावलं सरकतो आणि पुन्हा पडतो. उसाच्या फडात रानडुकराची वाट बघत बसणाऱ्याला हा खेळ शिकवावा लागणार नाही. मात्र याला लपणं म्हणायचं नाही, 'रोटेशन' म्हणायचं.

आणि एखादा म्हणालाच की मी 'एल्डन रिंग' हा अवघड गेम संपवला, तर लगेच अभिनंदन करू नका. आधी उलटतपासणी घ्या. त्यातल्या मलेनिया नावाच्या योद्धीशी लढताना स्पिरिट अॅशेस, म्हणजे मदतीच्या सावल्या, बोलावल्यास का? तिचा प्रत्येक वार लागला की तिचं आयुष्य भरतं, ढालीवर अडवला तरी भरतं, म्हणून लोक मदतीला सावली बोलावतात. ती सोय गेम बनवणाऱ्यांनीच दिलेली आहे, पण त्यांना काय कळतंय? मदत घेतली असेल तर त्याचा विजय बाद. रस्सा ओरपला खरा, पण वाटी डाव्या हातात होती, तेव्हा जेवला असं धरता येणार नाही. स्वतः तुम्ही पहिल्याच मैदानातल्या घोडेस्वाराकडून चौदा वेळा मार खाऊन गेम बंद केलाय, ही बाब अर्थातच वेगळी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत मागितले तर पैसे परत मिळतात. तुम्ही तीन तास मार खाल्लात, म्हणून तो लायब्ररीत राहिला.

एक धोका मात्र टाळा. काकूच्या शेजारी बसू नका. पाच मिनिटं बसलात तर दिसेल की तिचा अंगठा पडद्याच्या वर अर्धा इंच थांबलाय आणि खाली येत नाही. चार चाली उरल्यात. लेव्हलचा आकडा चार अंकी आहे आणि पुढं आणखी हजारो आहेत. डाव्या कोपऱ्यात एका रंगाच्या पाच गोळ्या जुळून बॉम्ब झालेला आहे, त्याच्या दोन घरं वर पट्ट्याची गोळी. समोर दिसणारं साधं तीनचं जुळणं ती सोडून देते. पट्ट्याच्या गोळीच्या खालून, दोघांच्या मधली एक फोडते, वरचा ढीग घसरतो, पट्ट्याची गोळी बॉम्बच्या शेजारी येऊन बसते. मग दोन्हींची अदलाबदल. पट्ट्याच्या गोळीच्या रंगाची प्रत्येक गोळी पट्ट्याची होते आणि अर्धा पडदा साफ. "आरं, खालनं फोडायचं असतंय," ती तुमच्याकडं न बघता म्हणते, "वरचं आपसूक पडतंय." पुढची लेव्हल मात्र ती हरते. एक लाइफ यायला ३० मिनिटं, पाच भरायला अडीच तास. घड्याळ पुढं करायची चोरवाट तिला माहीत आहे, पण ती वापरत नाही. फोन पालथा ठेवून ती पिठाचा डबा काढते. लॅगचं नावही घेत नाही.

हे सगळं पाहिलं नाही असं समजून आपल्या खोलीत जा. दार लावा, यंत्र चालू करा. ६० जीबीचा अपडेट आलेला असेल; तो उतरायला जेवणाची वेळ होईल. तेवढ्यात फोन थरथरेल. काकूनं स्वयंपाकघरातून लाइफ मागितलीय. ती मागणी तुमच्यापर्यंत पोचते याचा अर्थ काय, हे पेठेत कुणाला कळायची गरज नाही. तुमच्या फोनमध्ये तो गेम 'लाइट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये तिसऱ्या पानावर आहे. आवाज बंद करा, एक लाइफ पाठवा, आणि उघडलाच आहे तर दोन लेव्हल खेळून घ्या.