वरचा थर

आमच्या घरात हापूसच्या पेटीचा एक कायदा आहे: वरच्या थरात जसा आंबा, तसाच खालच्या थरात. बाबा गेली तीस वर्षं पेट्या भरतायत, आणि वर देखणी फळं मांडून खाली बारकी-डागाळलेली दडपणाऱ्या माणसाशी ते बोलत नाहीत. त्यात एक सख्खा चुलतभाऊही आला. अशा घरात जन्म घेऊन मी निव्वळ वरच्या थरासाठी २२ हजार रुपये मोजले. आंब्याच्या नव्हे, गिटारच्या.

मी दिवसा मालवणात एका पतसंस्थेत थकलेल्या हप्त्यांचे फोन करतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे रिक्षावाल्यांचा सत्यनारायण, शाळांची गॅदरिंगं, कुणाची तरी हळद. पंधरा वर्षं एकाच गिटारवर काढली. खाऱ्या हवेत तारा गंजायच्या, पावसाळ्यात कव्हरवर हिरवी बुरशी यायची. शेवटी म्हटलं, आयुष्यात एकदा मनासारखी करून घेऊ. लांबच्या शहरातला एक कारागीर मागणीप्रमाणे बनवून देतो असं कळलं. ८० हजारांवर सौदा ठरला. फोन ठेवता ठेवता त्याने सहज विचारलं, "वरच्या फळीला मेपलचं लाकूड साधं लावू की फ्लेम?"

लग्नात "पंगत की बुफे?" असं विचारतात, त्या सुरात.

मेपलच्या एखाद्या झाडात तंतू सरळ वर न जाता नागमोडी वाढतात, तेच फ्लेम. अशी फळी चिरून पॉलिश केली की उजेड एका पट्ट्यावरून परत येतो आणि शेजारच्या पट्ट्यात मुरतो. ओहोटीला ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा राहतात ना, अगदी तशा. आणि गिटार जरा कलती केली की रेघा जागा बदलतात, पैठणीच्या धूपछांव पदरासारख्या. एकच फळी मधोमध चिरून दोन भाग पुस्तकासारखे उघडून जोडतात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब दिसते. (खारवायचा बांगडा चिरून उघडतात तसं म्हटलं की आमच्याकडे लवकर समजतं.) आता या रेघांची प्रतवारी असते. एक ए पासून पाच ए पर्यंत. हे ए कोण देतं? जो विकतो तो. एकाचा तीन ए दुसऱ्याचा पाच ए असू शकतो. आंब्याला निदान वजनकाटा तरी आहे.

मी चार ए वर बोट ठेवलं. पाचवा ए परवडत नव्हता, आणि तिसऱ्यावर थांबलो असतो तर जन्मभर चौथा आठवत राहिला असता. वर त्याने सांगितलं की स्वस्तात हवं असेल तर फ्लेमचा नुसता पापुद्रा चिकटवून मिळतो, उडदाच्या पापडापेक्षाही पातळ. मी दुखावलोच. मला अख्खी सहा मिलिमीटरची फळी हवी होती. ती जाडी कुणाला दिसणार होती, हे विचारू नका.

मग फोटो सुरू झाले. रात्री अकराला तो एकेका फळीचे फोटो पाठवायचा, ओला हात फिरवून, कारण कोरड्या फळीत रेघा लपतात आणि ओल्या फळीत नाचतात. मी पांघरुणात मोबाइल डोळ्यांशी धरून उत्तरं द्यायचो: "जरा कलती धरून काढा ना." "आता दुसऱ्या बाजूला कलती." तिसऱ्या रात्री बायको उठून बसली. मी सगळी फळी उलगडून दाखवली. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीची लेस पॉल नावाची गिटार १९५२ साली आली तेव्हा मेपलवर चक्क सोनेरी रंग फासलेला असायचा, खाली रेघा आहेत की नाहीत कुणाला ठाऊक! १९५८ साली पारदर्शक रंग आला आणि लाकूड दिसू लागलं. कुणाच्या वाट्याला रेघा आल्या, कुणाच्या नाही. आज त्यांतल्या १९५९ सालच्या गिटारी कोटींत विकल्या जातात. ही गुंतवणूक आहे, समजलं?

"म्हणजे आता साठ वर्सां थांबाचां?" म्हणून ती कुशीवर वळली.

बाबांनी एकच विचारलं. "ह्याने आवाज बदालता?"

खोटं बोलायची सोय नव्हती. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक आणि त्यावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते, तीच पुढे स्पीकरला जाते. लाकडाने सुरात काय फरक पडतो यावर लोक हातघाईवर येतात, पण रेघा ऐकू येतात असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

"नाय," मी म्हटलं.

"मगे?"

या मालवणी "मगे"ला उत्तर नसतं.

सहा महिन्यांनी, ऐन जूनमध्ये, गिटार आली. खोकं उघडलं आणि लाइट गेली. घरातल्या सगळ्यांनी मोबाइलच्या बॅटऱ्या पेटवून भोवती कोंडाळं केलं. मी ती सावकाश कलती केली. रेघा सरकल्या. माझ्या अंगावर काटा आला. आत्या पुढे वाकली, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "सनमायका बरो गावलो रे तुका! खयच्या दुकानातलो?" तिच्या ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं काम चालू होतं.

स्टेजवर तर त्याहून वाईट. लाल दिव्यात गिटार लाल, निळ्यात निळी, आणि पांढरा दिवा कायम गायिकेवर.

पावसाने फुगलेली खिडकी तासायला मेस्त्री आले तेव्हा मी आशेने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. लाकडातला माणूस, त्याला तरी कळेल. त्यांनी चष्मा वर केला, अंगठ्याने रेघ चाचपली आणि आजाऱ्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "ह्यां लाकूड पिळलेलां असा. रंधो मारलो काय टवके उडतत. आमी असलां चुलीत घालतंव." मग हळूच, "किती दिलंस?"

"फळीचे वेगळे बावीस."

"बावीसशे? फसयलो तुका."

मी गप्प. बाबा पडवीतून म्हणाले, "हजार."

मेस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला फ्लेम, एक ए, चार ए असं सगळं समजावून सांगावं लागलं. ते खिडकीचं काम अर्धवट टाकून, विचारात पडल्यासारखे गेले.

चार दिवसांनी त्यांचा फोन. "माळ्यार फणसाची एक फळी गावली. आठ वर्सां पडान होती. अशीच पिळलेली. लाटाच लाटा असत." जरा थांबून म्हणाले, "पाच ए तरी पडतले."

बाबा समोर पडवीत पेपर वाचत होते. मी फोन घेऊन मागच्या दारी गेलो आणि आवाज खाली घेतला.

"मेस्त्रीनु, जरा पाण्याचो हात मारून, कलती धरून फोटो धाडशात काय?"