धूसर होते ती बहुतेकदा पिशवी, लेन्स नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय: "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांत पुन्हा धूसर दिसू लागलं, तर समजा हलकी लेन्स बसवलीय. महागडी लेन्स कधीच खराब होत नाही. लेझर करू नका, पडदा फाटतो. सरळ लेन्स बदलून घ्या."

आधी ती "हलकी लेन्स". डोळ्यातलं मूळ भिंग एका पातळ पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये पिशवीला समोरून गोल भोक पाडून गढूळ भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवतात. पिशवीची मागची भिंत मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन जाडीची, केसापेक्षा कितीतरी पातळ. हात कितीही कसलेला असो, मूळ भिंगाच्या काही पेशी पिशवीच्या कडेला उरतातच. त्या हळूहळू मागच्या भिंतीवर सरकतात, वाढतात आणि भिंत धूसर होते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्याच्या आतून परतणाऱ्या लालसर उजेडात, त्यांचे बुडबुड्यांसारखे पुंजके स्पष्ट दिसतात. पुढची लेन्स मात्र लख्ख असते.

किमतीचं म्हणाल, तर या पेशींना किंमत कळत नाही. लेन्सच्या मागच्या कडेची ठेवण मात्र कळते: कड काटकोनी असली की शेताला बांध घातल्यासारखं होतं आणि पेशी उशिरा पोचतात. वयाचाही फरक पडतो; लहान मुलांत ही पिशवी फार लवकर धूसर होते.

"पडदा फाटतो" हा घोटाळा निम्मा आपल्या भाषेचा आहे. पिशवीची भिंत हाही पडदा आणि डोळ्याच्या मागची रेटिना हाही पडदा! यासाठी वापरतात तो यॅग नावाचा लेझर पिशवीच्या धूसर झालेल्या मागच्या भिंतीत मुद्दाम सुमारे 4 मिलिमीटरची खिडकी पाडतो. टाके नाहीत, काम काही मिनिटांचं. धोका शून्य नाही: डोळ्याचा दाब काही काळ वाढू शकतो, आणि रेटिना सुटण्याची जोखीम थोडी असते, मोठा मायनस नंबर असलेल्यांत जास्त. लेझरनंतर उजेडाचे लखलखाट, अचानक खूप काळे ठिपके किंवा कडेने सावली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता मेसेजमधला खरा अंश. लेन्स स्वतःही धूसर होते, क्वचित. पाणी धरून ठेवणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या काही लेन्समध्ये कॅल्शियमचे क्षार साचतात. डोळ्यात हवा किंवा गॅस भरावा लागणाऱ्या पुढच्या ऑपरेशननंतर हे घडल्याचं दिसलंय. 1980 च्या दशकात बसवलेल्या काही कडक प्लास्टिकच्या लेन्समध्ये दहाएक वर्षांनी हिमकणांसारखे ठिपके उमटले. पाणी न धरणाऱ्या लेन्समध्ये पाण्याचे बारीक थेंब चकाकतात, ते बहुतेकांच्या नजरेला बाधत नाहीत.

लेन्सच धूसर असेल तर लेझर कुचकामी. उलट भिंतीला खिडकी पडली की लेन्स बदलणं अवघड होतं, कारण मागचा जेलीसारखा द्रव पुढे येऊ शकतो. आणि "सरळ बदलून घ्या" म्हणण्याइतकं ते सोपं तसंही नसतं: काही वर्षांत पिशवी आकसून लेन्सला घट्ट चिकटलेली असते. म्हणून लेझरच्या खुर्चीत बसण्याआधी विचारायचं ते इतकंच: "डॉक्टर, धूसर काय झालंय, पिशवी की लेन्स? आणि रेटिना तपासलीत ना?"